आयपॉड क्लासिक सिंक होत नाही? ‘रिस्टोअर’ दाबण्याआधी हे तपासा

ओळखीपाळखीत कुणाचा आयपॉड अडला की तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो. तक्रार ठरलेली, “सिंक होत नाहीये.” पुढचं वाक्यही ठरलेलं, “आयट्यून्स रिस्टोअर करायला सांगतंय, करू का?”

नका करू. निदान आत्ताच नको. रिस्टोअर म्हणजे आतलं सगळं पुसून आयपॉड कोरा करणं. आज ज्यांच्याकडे क्लासिक चालू आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हाचा कॉम्प्युटर कधीच भंगारात गेलाय. सीडी कुणीतरी ऐकायला नेल्या त्या परत आल्या नाहीत. नाट्यपदं, भावगीतं, एकेका रागाच्या तासाभराच्या मैफली यांची एकुलती एक प्रत त्या आयपॉडच्या पोटात असते. म्हणून खालचा क्रम फक्त सोप्यापासून अवघडाकडे जाणारा नाही. गाणी शाबूत ठेवणाऱ्या गोष्टी आधी आणि पुसणाऱ्या गोष्टी सगळ्यात शेवटी, असाही तो आहे.

हे सगळं चाकवाल्या मोठ्या आयपॉडबद्दल आहे, म्हणजे २००५ चा व्हिडिओवाला आणि २००७ ते २०१४ पर्यंत विकला गेलेला क्लासिक. टचची गोष्ट वेगळी, तो आतून फोनच आहे. क्लासिकच्या आत १.८ इंची हार्डडिस्क असते आणि कॉम्प्युटरच्या लेखी तो एक साधा बाहेरचा ड्राइव्ह असतो. आयट्यून्स त्यावर गाण्यांच्या फाइली टाकतं आणि शेवटी गाण्यांची यादी लिहितं, एवढंच सिंक. त्यामुळे प्रश्न दोनच उरतात. कॉम्प्युटरला डिस्क दिसते का? आणि दिसत असेल तर तिच्यावर लिहिता येतंय का?

लक्षणं

“सिंक होत नाही” या तक्रारीखाली निदान पाच वेगळे बिघाड लपलेले असतात. तुमचा कुठला ते आधी ठरवा.

१. आयपॉड चार्ज होतो, पण पडद्यावर ‘डू नॉट डिस्कनेक्ट’ किंवा ‘कनेक्टेड’ असं काहीच येत नाही. कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नाही.

२. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये किंवा मॅकच्या फाइंडरमध्ये ड्राइव्ह दिसतो, पण आयट्यून्समध्ये आयपॉडचं चिन्ह येत नाही. किंवा विंडोज म्हणतं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा.

३. सिंक सुरू होतं आणि मध्येच तुटतं. डिस्कवरून वाचता किंवा लिहिता येत नाही, अशा अर्थाचा संदेश येतो.

४. सिंक पूर्ण झाल्याचं सांगतं, पण काही गाणी आयपॉडवर नाहीत, किंवा आहेत पण वाजता वाजता पुढच्यावर उडी मारतात.

५. हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी (म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या आयट्यून्समधल्या गाण्यांच्या संग्रहाशी) जोडलेला आहे, पुसून सिंक करू का, असं विचारतं.

यातलं तिसरं लक्षण सगळ्यात जास्त वेळ खातं, आणि नीट पाहिलं तर सगळ्यात जास्त माहितीही तेच देतं. सिंक तुटलं की वैतागून केबल उपटू नका. वरच्या पट्टीत कुठल्या गाण्याचं नाव होतं आणि साधारण किती जीबी भरले होते, ते कागदावर लिहा. पुन्हा सिंक लावा आणि पुन्हा लिहा. दर वेळी त्याच गाण्यावर अडत असेल तर दोष गाण्याच्या फाइलीत आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटत असेल तर केबल, पोर्ट किंवा बॅटरी. गाणी बदलली तरी ठरावीक जीबीच्या आसपासच अडत असेल तर डिस्कचा तेवढा भाग खराब झालाय, किंवा आत कुणी एसडी कार्ड बसवलं असेल तर ते नकली आहे. दहा मिनिटांच्या या टिपणाने पुढची निम्मी खटपट वाचते.

आधी फुकटातलं

‘होल्ड’ची पट्टी एकदा सरकवा आणि परत आणा. मग मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा. सहा-आठ सेकंदांत सफरचंद दिसलं की सोडा. याने काहीही पुसलं जात नाही, आयपॉड फक्त नव्याने सुरू होतो. कॉम्प्युटरही रीस्टार्ट करा. विंडोजवर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘आयपॉड सर्व्हिस’ थांबवून पुन्हा सुरू केली तरी चालतं. आयट्यून्सला आयपॉड दाखवायचं काम तीच करते. ती झोपलेली असली की दुसरं लक्षण दिसतं.

आता केबल. हा भाग मी कधीच वगळत नाही, मालकाने “केबल नवीन आहे” म्हणून शपथ घेतली तरी. रस्त्यावर मिळणाऱ्या ३० पिनच्या कित्येक केबलींमध्ये चार्जिंगच्याच तारा असतात, डेटाच्या नसतात. पहिलं लक्षण बहुतेक वेळा इथूनच येतं. दुसऱ्या कुणाच्या आयपॉडवर किंवा जुन्या आयफोनवर सिंक करताना पाहिलेली केबल आणा. अगदी जुन्या मूळ केबलींच्या टोकाला दोन्ही बाजूंना दाबायची बटणं असतात. ती न दाबता ओढल्याने पोर्ट सैल झालेले आयपॉड पुष्कळ येतात.

केबल लावा थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला. हब नको, कीबोर्डवरचं पोर्ट नको. डेस्कटॉप असेल तर पुढचं नको, मागचं. कारण विजेचं आहे. यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळणं अपेक्षित असतं. आयपॉडची डिस्क फिरायला लागताना एकदम जास्त वीज ओढते, त्यात म्हातारी बॅटरीही चार्ज मागत असते. हबवरची वीज चार जणांत वाटली गेलेली असली की डिस्क क्षणभर उपाशी राहते आणि जोडणी तुटते. याच कारणासाठी सिंकआधी आयपॉड भिंतीच्या चार्जरवर दोनेक तास ठेवा. लॅपटॉपवर असाल तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा आणि लॅपटॉप झोपणार नाही असं बघा.

पोर्टच्या आत टॉर्च मारून डोकावा. खिशातला कापूस तर असतोच, पण आपल्याकडचा पावसाळा त्यात भर घालतो. कोकणातून आलेल्या आयपॉडच्या पिनांवर हिरवट थर मी बऱ्याचदा पाहिलाय. आयपॉड बंद करून कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडा. टाचणी, सुई आत घालायची नाही. पिन वाकली की फुकटात सुटणारं काम सोल्डरिंगवर जातं.

कॉम्प्युटरला दिसतोय का

केबल पक्की आहे आणि तरीही दिसत नाही, तर डिस्क मोड वापरा. मेन्यू आणि मधलं बटण दाबून रीसेट करा, सफरचंद दिसताक्षणी ती सोडून मधलं बटण आणि प्ले एकत्र दाबून धरा. पडद्यावर ‘डिस्क मोड’ येईल. या अवस्थेत आयपॉड आपलं नेहमीचं सॉफ्टवेअर चालू न करता नुसता ड्राइव्ह म्हणून उभा राहतो. डिस्क मोडमध्ये दिसला आणि एरवी दिसत नसेल, तर तारा, पोर्ट, डिस्क ठीक आहेत आणि गोंधळ आयपॉडच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ही चांगली बातमी.

विंडोजवर आणखी एक हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे ड्राइव्हचं अक्षर. ऑफिसच्या लॅपटॉपवर नेटवर्क ड्राइव्हने एखादं अक्षर आधीच घेतलेलं असतं आणि आयपॉडला तेच मिळतं. मग तो असूनही दिसत नाही. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, आयपॉडवर राइट-क्लिक करा आणि अक्षर बदलून शेवटच्या अक्षरांपैकी एखादं द्या.

त्याच खिडकीत आयपॉड दिसत असूनही विंडोज फॉरमॅट करायला सांगत असेल तर ‘कॅन्सल’ दाबा. भाऊ-बहीण, भाचे यांनी अमेरिकेत मॅकवर वापरून इकडे दिलेले आयपॉड यात हटकून सापडतात. मॅकवर सुरू केलेल्या क्लासिकची डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट झालेली असते आणि विंडोजला ती वाचता येत नाही. डिस्क खराब नाही, गाणी जागेवर आहेत. कुणाचा तरी मॅक तासभर मागून घ्या. उलट्या बाजूने अडचण येत नाही. विंडोजवर फॉरमॅट झालेला आयपॉड मॅकवरही चालतो.

मॅकवाल्यांसाठी एवढंच की २०१९ च्या कॅटलिनापासून आयट्यून्स नाही. आयपॉड फाइंडरच्या डाव्या पट्टीत शोधायचा. विंडोजवर नवीन घोळ झालाय. ‘ॲपल म्युझिक’चं वेगळं ॲप टाकलं की आयट्यून्समधली गाणी तिकडे जातात आणि आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणि ऑडिओबुकच उरतात. “काल चालत होतं, आज नाही” म्हणणाऱ्याने आधी हे आठवावं, की काल काही नवीन ॲप टाकलं का?

गाणी बाहेर काढून ठेवा

इथपर्यंत आयपॉड ड्राइव्ह म्हणून दिसू लागला असेल तर पुढे जाण्याआधी प्रत काढा. अनोळखी कॉम्प्युटरला जोडताना विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल, मॅकवर कमांड आणि ऑप्शन दाबून धरा, आयपॉड यादीत दिसेपर्यंत. त्याने आपोआप सिंक सुरू होत नाही. पाचव्या लक्षणातला प्रश्न आला तर पुसायला नकार द्या. क्लासिकचं आपोआप सिंक एका वेळी एकाच लायब्ररीशी होतं. नव्या लॅपटॉपची रिकामी लायब्ररी त्याच्यावर लादली तर आयपॉडही रिकामा होतो.

आता लपवलेल्या फाइली दिसतील असं करा. विंडोजवर ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’, मॅकवर कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम. आयपॉडवर ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचा फोल्डर दिसेल, त्यात ‘म्युझिक’, आणि त्यात एफ००, एफ०१ अशा नावांचे फोल्डर. गाण्यांची नावं चार अक्षरांची, निरर्थक दिसतील. घाबरू नका, खरं नाव, गायक, अल्बम फाइलीच्या आत टॅगमध्ये असतं. अख्खा ‘म्युझिक’ फोल्डर कॉम्प्युटरवर उचला. नंतर तो आयट्यून्समध्ये ओतला की टॅग वाचून सगळं जागच्या जागी लागतं. प्लेलिस्ट आणि किती वेळा ऐकलं याचे आकडे मात्र यातून येत नाहीत. बाहेरच ‘रेकॉर्डिंग्ज’ नावाचा फोल्डर असेल तर तोही घ्या. माइक लावून केलेली ध्वनिमुद्रणं त्यात असतात. आजीचा आवाज, घरातली बैठक असलं काहीतरी तिथे निघतं आणि मालक विसरलेला असतो.

नकल होताना एखाद्या फाइलीवर अडलं तर तेवढी सोडून पुढे जा. अडणाऱ्या फाइली बऱ्याच निघाल्या आणि डिस्कचा टकटक आवाज येत असेल तर पुढचं काहीही करू नका, थेट शेवटच्या भागावर या.

गाण्याचा दोष की डिस्कचा

तुमचं टिपण ‘दर वेळी तेच गाणं’ सांगत असेल तर ते गाणं लायब्ररीतून काढा आणि पुन्हा लावा. आयट्यून्समध्ये गाण्याशेजारी उद्गारचिन्ह असेल तर मूळ फाइल हलली आहे किंवा उडाली आहे. कुठलं गाणं ते कळत नसेल तर निम्मं-निम्मं करत शोधा. सगळं सिंक करण्याऐवजी निम्म्या गाण्यांची प्लेलिस्ट करा आणि तेवढीच पाठवा. गेली तर दोष उरलेल्या निम्म्यात. त्याचे पुन्हा दोन भाग करा. हजारो गाण्यांतून खोडसाळ फाइल अशी मोजक्या फेऱ्यांत सापडते.

चौथ्या लक्षणाची कारणं बहुधा बिघाडाची नसतातच. ॲपल म्युझिकच्या वर्गणीतून उतरवलेली गाणी क्लासिकवर जात नाहीत. त्यांना कुलूप असतं आणि क्लासिककडे त्याची किल्ली नाही. विकत घेतलेली किंवा सीडीवरून घेतलेली चालतात. फ्लॅक फाइल आयट्यून्स घेतच नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल घेतं, पण क्लासिकला ती पेलत नाही. १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंत उतरवा. ढगाचं चिन्ह असलेलं गाणं आधी कॉम्प्युटरवर उतरवावं लागतं. आणि सिंक नुसतं मुंगीच्या पावलांनी चाललं असेल तर आयपॉडच्या पानावर ‘१२८ केबीपीएसमध्ये रूपांतर करा’ अशा अर्थाच्या पर्यायावर खूण आहे का पाहा. ती असली की प्रत्येक गाणं वाटेत नव्याने दळलं जातं. अल्बमची चित्रं उलटसुलट झाली असतील तर चित्रं दाखवण्याची खूण काढून सिंक करा, मग लावून पुन्हा करा.

वेगवेगळ्या ठिकाणी तुटत असेल आणि केबल, पोर्ट, चार्जिंग झालेलं असेल तर ड्राइव्हवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’, ‘चेक’ करा. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’तलं ‘फर्स्ट एड’. मध्येच केबल ओढल्याने फाइलींची नोंदवही बिघडलेली असते, ती याने दुरुस्त होते. हे प्रत काढल्यानंतरच, कारण दुरुस्तीत अर्धवट फाइली छाटल्याही जातात.

पुढची पायरी म्हणजे डिस्कची स्वतःची जबानी. रीसेट करा आणि सफरचंद दिसताच मधलं बटण आणि मागे जायचं बटण दाबून धरा. तपासणीचा मेन्यू उघडतो. त्यात आयओ, मग हार्डड्राइव्ह, मग स्मार्ट डेटा. चाकाने सरकत नसेल तर पुढे-मागेची बटणं वापरा. बाकीचे आकडे सोडा, ‘रीअलॉक्स’ आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ बघा. पहिला म्हणजे खराब निघाल्याने बदललेल्या जागा, दुसरा म्हणजे संशयित जागा. दोन्ही शून्य असतील तर डिस्कला दोष देऊ नका, परत केबलीकडे जा. शून्य नसतील तर आकडे लिहून ठेवा, एक मोठं सिंक करा, पुन्हा बघा. वाढले असतील तर डिस्क चालली आहे. रिस्टोअर करून ती बरी होत नाही, चार दिवस बरी झाल्यासारखी वाटते. बाहेर पडायला पुन्हा मेन्यू आणि मधलं बटण.

आकडे स्वच्छ आहेत, प्रत हातात आहे आणि तरी अडतंय, तर आता खुशाल रिस्टोअर करा. त्यानंतर १६० जीबी एका दमात ओतू नका. दहा-पंधरा जीबीच्या हप्त्यांनी भरा, सिलिकॉनचं कव्हर काढून ठेवा. तासन्‌तास फिरणारी डिस्क तापते आणि तापलेली जुनी डिस्क चुकते.

आत कार्ड बसवलेलं असेल तर

हार्डडिस्क काढून अडॅप्टरवर एसडी कार्ड बसवलेले आयपॉड आता सर्रास विकले जातात. त्यांचं सिंक ठरावीक आकड्यावर अडलं की दोन संशय. ८० किंवा १२० जीबीच्या क्लासिकमध्ये मोठं कार्ड घातलं तरी त्याला १२८ जीबीच्या पुढची जागा हाताळता येत नाही. २००९ पासूनच्या पातळ १६० जीबीवाल्याला ही मर्यादा नाही. दुसरा संशय नकली कार्डाचा. वर २५६ लिहिलेलं, आत ३२. ते भरेपर्यंत बिनतक्रार भरतं आणि मग जुन्यावरच नवीन लिहीत सुटतं. कार्ड बाहेर काढून विंडोजवर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’, मॅकवर ‘एफ-थ्री’ चालवा. दोन्ही फुकट आहेत. विकत घेतानाच हे करायला सांगा.

इथे थांबा

पाठ फुगली असेल, पडदा मध्येच पांढरा पडत असेल किंवा पुढचा-मागचा भाग फाकलेला दिसत असेल तर बॅटरी सुजली आहे. चार्जिंग लगेच बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका. लिथियमची बॅटरी भोसकली गेली तर पेट घेते.

डिस्कचा ठरावीक लयीत टकटक आवाज, किंवा पडद्यावर लाल फुली आणि ॲपलचा पत्ता असेल तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. प्रत्येक फेरीत वाचवता येण्यासारखं थोडं कमी होतं. गाणी दुसरीकडे असतील तर डिस्क बदलणारा कारागीर पुरे, तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारत गेलं तर सापडतो. एकमेव प्रत असेल, विशेषतः घरची ध्वनिमुद्रणं, तर आधी डेटा रिकव्हरीवाला आणि मग दुरुस्ती. क्रम उलटा झाला की डिस्क कचऱ्यात जाते. “जुनी डिस्क मला परत हवी” हे आयपॉड देतानाच सांगा.

घरी उघडायचा मोह होतो. २००५ चा व्हिडिओवाला तुलनेने सौम्य आहे. क्लासिकची पुढची बाजू धातूची आणि आतल्या पकडी घट्ट, पहिल्या प्रयत्नात कडा वाकते. आत बॅटरीची आणि हेडफोनची फीत पाठीला जोडलेली असते. झटक्यात उघडलं की ती फाटते आणि एका बिघाडाचे तीन होतात. मी उघडतो, पण पहिला उघडण्यासाठी स्वतःचा चालू आयपॉड निवडू नका, बाजारातून बंद पडलेला घ्या.

कारागिराकडे जाताना “सिंक होत नाही” एवढंच सांगू नका. ते टिपण सोबत न्या. डिस्क मोडमध्ये दिसतो की नाही, किती जीबीवर अडतो, तेच गाणं की वेगळं, पेंडिंग सेक्टर्स किती, आत डिस्क आहे की कार्ड, आणि फॉरमॅट मॅकचा की विंडोजचा.